चार शाखा, एक यादी: नेमस्पेस मॅपिंगच्या कामाची नोंदवही

6 जानेवारी 2025, सोमवार

डॉक्टरांबरोबर बसून काम ठरलं. पॅथॉलॉजी लॅब, शाखा चार: गंगापूर रोड (मुख्य), नाशिक रोड, सिडको, पंचवटी. सर्व्हर एकच, गंगापूर रोडला. त्यावर इंटरसिस्टम्स आयरिस, म्हणजे सगळा डेटा ठेवणारी प्रणाली. प्रत्येक शाखेचा नेमस्पेस वेगळा आणि डेटाबेसही वेगळा. म्हणजे तपासण्यांची यादी, दर, एककं, नॉर्मल रेंज, सगळं चार ठिकाणी. डिसेंबरात व्हिटॅमिन डीचा दर तीन शाखांत बदलला आणि सिडकोत राहून गेला. सातपूरच्या एका कारखान्याच्या शिबिराचं बिल जुन्या दराने गेलं. डॉक्टरांना फरकाच्या पैशांपेक्षा त्या कारखान्याला लिहावं लागलेलं पत्र जास्त लागलंय.

मागणी साधी: यादी एकच हवी, चारही काउंटरना तीच दिसायला हवी. प्रोग्रॅम नव्याने लिहायचा नाही.

म्हणजे मॅपिंग. सोबतच्या मुलीला (कॉलेज संपवून सहा महिने झालेत, हुशार आहे) नेमस्पेस आणि डेटाबेस यातला फरक सांगताना जुन्या नाशकातला वाडा आठवला. डेटाबेस ही खरी खोली, डिस्कवरची फाइल. नेमस्पेस म्हणजे बिऱ्हाड: इथे राहणाऱ्याला कुठल्या नावाने काय सापडेल, एवढाच हिशोब. प्रत्येक बिऱ्हाडाला आपापली खोली असते, पण पाण्याला चौकातला आड. ‘पाणी म्हटलं की घरातल्या हंड्याकडे नाही, आडाकडे जायचं’ ही सूचना म्हणजे मॅपिंग. ती म्हणाली, ‘सर, मी फ्लॅटमध्ये वाढले, आड कधी पाहिला नाही.’ बरं.

7 जानेवारी, मंगळवार

दिवसभर यादी. कुठल्या ग्लोबलमध्ये (आयरिसमधलं डेटाचं नाव दिलेलं झाड) काय आहे याचा कागद कुणाकडेच नाही. हे सॉफ्टवेअर कॅशेच्या (आयरिसच्या आधीची प्रणाली) काळातलं, अनेक हातांनी वाढलेलं. सर्व्हर नंतर आयरिसवर आला, पण आतलं सामान तसंच.

क्लासचं (तपासणी, बिल अशा एकेका वस्तूचा कोडमधला साचा) स्टोरेज उघडून पाहिलं की ग्लोबलचं नाव कळतं: क्लासच्या नावापुढे ‘डी’ लागला की डेटा, ‘आय’ लागला की इंडेक्स (शोधायची सूची), ‘एस’ म्हणजे स्ट्रीम (लांबलचक मजकूर). निदान नेहमीच्या घडणीत. काही लांब नावांच्या क्लासचे ग्लोबल मात्र सांकेतिक अक्षरांचे झालेत, कारण ग्लोबलच्या नावाला 31 अक्षरांची मर्यादा आहे. अंदाजाने मॅप करायचं नाही, प्रत्येक क्लासची स्टोरेज व्याख्या उघडून बघायची, असं ठरवलं. शिवाय क्लास नसलेले, जुन्या मम्प्स (आयरिसच्या मुळाशी असलेली भाषा) वळणाचे नुसते ग्लोबल आहेत: सेटिंग, क्रमांक, रांगा.

मम्प्स जन्मलं तेच 1966 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये. लॅबचे आकडे साठवायला जन्मलेली वस्तू जवळजवळ साठ वर्षांनी नाशकातल्या लॅबमध्ये बसलीय, यात तसं नवल काही नाही.

कच्ची वाटणी अशी. सामाईक: तपासण्या, दर, एककं, रेंज, डॉक्टरांची यादी. शाखेचं शाखेकडे: रुग्ण, नमुने, बिलं, पावती क्रमांक, प्रिंटर.

9 जानेवारी, गुरुवार

लॅबमधल्या ताई (पंधरा वर्षं इथेच) चार याद्या घेऊन बसल्या. ‘बीएसएल फास्टिंग’, ‘शुगर उपाशी’, ‘एफबीएस’, ‘ग्लुकोज-एफ’. चारही एकच. सिडकोला क्रिएटिनिनचं एकक रिकामं. पंचवटीला ‘हिमोग्राम’ आणि ‘सीबीसी’ दोन्ही, आणि दोन्हींचे दर वेगळे.

खरी अडचण नावांची नाही, क्रमांकांची. प्रत्येक शाखेत तपासणीचा क्रमांक आपोआप वाढत गेला. मुख्य शाखेत 41 म्हणजे एचबीए1सी (साखरेची तपासणी). सिडकोत 41 म्हणजे लघवीची साधी तपासणी. आणि जुन्या बिलांत नाव नाही, हा क्रमांकच साठवलाय. मुख्य शाखेची यादी सिडकोला नुसती मॅप केली तर सिडकोच्या पाच वर्षांच्या बिलांवर लघवीच्या जागी एचबीए1सी उमटेल. कुठलीही एरर येणार नाही.

म्हणून आधी भाषांतर-तक्ता: शाखा, जुना क्रमांक, नवा क्रमांक. तो ताईंनीच भरायचा, मी नाही. मला हिमोग्राम आणि सीबीसी यांतला फरक सांगता येत नाही.

13 जानेवारी, सोमवार

चाचणीच्या मशीनवर पहिलं मॅपिंग. ‘सामाईक’ नावाचा नवा डेटाबेस केला. पोर्टलमध्ये (आयरिसच्या व्यवस्थापनाची स्क्रीन) नेमस्पेसच्या पानावर ग्लोबल मॅपिंग उघडून एककांचा ग्लोबल सामाईककडे वळवला. पाच मिनिटं बघत बसलो, काहीच बदल नाही. बदल सेव्ह करण्याचं वेगळं बटण आहे. ते दाबेपर्यंत मॅपिंग नुसतं रांगेत उभं असतं. माझ्या हातून हे दर वेळी होतं.

बटण दाबलं आणि मुलगी ओरडली, ‘सर, एककं गेली!’

गेली नव्हती. मॅपिंग फक्त नावाची दिशा बदलतं, सामान हलवत नाही. आता नाव सामाईककडे जातं आणि सामाईक रिकामा. जुना डेटा शाखेच्या फाइलमध्ये जागच्या जागी आहे, फक्त त्या नावाने तिथे जाणारी वाट बंद झालीय. नेमस्पेसऐवजी दोन कॅरेट (^ ही खूण) आणि डेटाबेसच्या फोल्डरचा पत्ता लिहून ग्लोबल मागितला की मॅपिंगला वळसा घालून थेट फाइल वाचता येते. तसं दाखवलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. मग त्याच वाटेने एका मर्ज आज्ञेत सगळं सामाईकमध्ये आणलं. मोठा ग्लोबल असता तर ब्लॉक-कॉपीची युटिलिटी लागली असती, इथे गरज नाही.

नियम ठरला: आधी कॉपी, मग मोजणी, मग मॅपिंग. आणि या तिन्हींच्या वेळी त्या ग्लोबलमध्ये दुसरं कुणी लिहीत नसलं पाहिजे.

14 जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अर्धा दिवस. काउंटरवर तिळगूळ, आणि मांजाने हात कापलेली दोन मुलं शेजारच्या दवाखान्यात. काम शून्य.

16 जानेवारी, गुरुवार

चाचणीत तपासण्यांची यादी मॅप केली, स्क्रीन उघडली, सगळं छान. नावाने शोधलं तर काही नवीन तपासण्या सापडेनात आणि सापडलेल्यांतल्या काहींवर भलतीच ओळ उघडे. डेटाचा ग्लोबल वळवला होता, इंडेक्सचा राहिला होता. म्हणजे पुस्तक नवं आणि सूची जुन्या पुस्तकाची. दोन्ही एकत्रच न्यायचे. इंडेक्स कॉपी करण्याऐवजी सामाईकमध्ये नव्याने बांधला, तेच स्वच्छ.

17 जानेवारी, शुक्रवार

एकेक नाव भरायचा कंटाळा म्हणून मुलीने शेवटी तारांकन देऊन एकाच ओळीत सगळं मॅप केलं: ‘तपासणी’ने सुरू होणारं सगळं. त्यात ‘तपासणी-नमुने’ हा ग्लोबलही आला, जो प्रत्येक शाखेचा स्वतःचा आहे आणि रोज भरतो. चाचणीच्या मशीनवर झालं म्हणून हसलो. तारांकन आजच्या नावांपुरतं नसतं. उद्या कुणी त्या अक्षरांनी सुरू होणारा नवा ग्लोबल केला तर तोही न विचारता सामाईकमध्ये जाईल. ओळी वाढल्या तरी चालतील, पूर्ण नावंच लिहू.

रात्री निफाडकडून येणारा गारठा सर्व्हर रूमपेक्षा जास्त.

21 जानेवारी, मंगळवार

आता कोड. चार नेमस्पेसमध्ये एकाच पॅकेजच्या (क्लासचा गठ्ठा) चार प्रती, आणि चारही थोड्या थोड्या वेगळ्या. यादी एक करून कोड चार ठेवले तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच. पॅकेजही मॅप करायचं ठरलं. मुख्य शाखेची प्रत प्रमाण धरली आणि बाकीच्या तिन्हींतले उपयोगी बदल तिच्यात आणले. तीन दिवस गेले.

इथे नवख्याची हमखास समजूत होते की पॅकेज मॅप केलं म्हणजे त्या क्लासचा डेटाही गेला. पॅकेज मॅपिंगने क्लासची व्याख्या आणि त्यातून तयार होणारी रूटीन्स (प्रत्यक्ष चालणारा कोड) जातात. डेटा त्या-त्या ग्लोबलच्या मॅपिंगप्रमाणेच. आपल्याला नेमकं तेच हवंय: बिलाचा क्लास एक, बिलं चार ठिकाणी.

23 जानेवारी, गुरुवार

सेटिंगचा ग्लोबल राहिला होता. त्याच्या एका फांदीत एककं आणि रेंज, दुसरीत प्रिंटर, तिसरीत पावतीची अक्षरं. पहिली सामाईक हवी, बाकीच्या शाखेच्या. सबस्क्रिप्टच्या (म्हणजे फांदीच्या) पातळीवर मॅपिंग करता येतं, म्हणजे संपूर्ण ग्लोबल शाखेत आणि त्यातली ‘एकक’ ही फांदी तेवढी सामाईकमध्ये. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला जोड दिसत नाही, तो ग्लोबल एकसंध असल्यासारखाच फिरतो. या सगळ्या कामात मला मनापासून आवडलेली एकच गोष्ट ही. हे झालं नसतं तर सेटिंग वाचणाऱ्या शेकडो ओळी बदलाव्या लागल्या असत्या.

24 जानेवारी, शुक्रवार

परवानग्या. सामाईक डेटाबेसला स्वतःचा रिसोर्स (परवानगीचं कुलूप) दिला आणि शाखांच्या रोलना (परवानग्यांचे गट) त्यावर वाचणं-लिहिणं दिलं. (लिहिणं कशाला, असं मुलीने विचारलं होतं. ‘दराची स्क्रीन शाखेतूनही उघडते, राहू दे’ असं मी म्हणालो. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.) एसक्यूएलचे (डेटा विचारण्याची भाषा) अधिकार नेमस्पेसनिहाय असतात, त्यामुळे रिपोर्टच्या यूजरला चारही ठिकाणी पुन्हा द्यावे लागले. पंचवटीत विसरलो, लगेच उणे 99 ची (अधिकार नसल्याची) एरर आली.

सामाईकचं जर्नल (प्रत्येक लिहिण्या-पुसण्याची नोंद) चालू आहे ना ते पाहिलं. बॅकअपच्या यादीत नाव घातलं. नवा डेटाबेस त्या यादीत आपणहून जात नाही.

26 जानेवारी, रविवार

प्रजासत्ताक दिन, लॅब दहापर्यंतच. झेंडावंदन करून मुख्य आणि नाशिक रोड अशा दोनच शाखा आज. सिडको आणि पंचवटी पुढच्या रविवारी.

11 वाजता सगळ्यांना बाहेर काढलं. आधी नाशिक रोडच्या बिलांतले जुने क्रमांक तक्त्यावरून बदलले. ताईंनी साठ जुनी बिलं कागदावरून ताडून पाहिली, एक चुकलं, तक्त्यातली ओळ दुरुस्त करून पुन्हा चालवलं. मग कॉपी, मोजणी, मॅपिंग. मॅपिंग पोर्टलमधून हाताने न भरता %सिस या व्यवस्थापनाच्या नेमस्पेसमधून छोट्या प्रोग्रॅमने केलं, म्हणजे पुढच्या रविवारी तेच चालेल. सीपीएफ फाइलची (मॅपिंगसकट आयरिसची मांडणी हिच्यात असते) प्रत आधी आणि नंतर, दोन्ही ठेवल्या. दोन्हींतला फरक कागदावर छापून भिंतीला लावला.

4 वाजता संपलं. प्रत्यक्ष मॅपिंगला लागलेला वेळ: एक मिनिटही नाही. द्वारकेच्या चौकातल्या गर्दीत त्याच्या चाळीसपट गेला.

28 जानेवारी, मंगळवार

सकाळी 7.20 ला ताईंचा फोन. ‘अहो, एचबीए1सी ऐंशी रुपयांत दाखवतंय.’

पोचेपर्यंत सतरा बिलं झाली होती. तपासण्यांची नावं बरोबर, दर सगळे हललेले. एका तपासणीचा दर दुसरीला. मुख्य शाखेतही आणि नाशिक रोडलाही. काउंटरला सांगितलं, दर कागदावरून लिहा. बाहेर उपाशीपोटी आलेल्यांची रांग, त्यात एक आजोबा अतिशय शांतपणे विचारतात, ‘कॉम्प्युटरलाच साखर झाली का?’

जर्नल उघडलं. सोमवारी रात्री 11.40 ला दरांच्या ग्लोबलवर एक किल (पुसणं) आणि मागोमाग शेकडो सेट (लिहिणं). जर्नलमध्ये डेटाबेसच्या फाइलचा पत्ता असतो, कुठल्या नेमस्पेसमधून आलं ते नसतं. आणि फाइल तर आता सगळ्यांची एकच. प्रोसेस क्रमांक मिळाला, प्रोसेस केव्हाच संपलेली. शेवटी टास्क मॅनेजरचा (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा) इतिहास चाळला: 11.40, नेमस्पेस नाशिक रोड, टास्कचं नाव ‘दर भरणे’, दर महिन्याच्या शेवटच्या सोमवारी.

गोष्ट अशी की नाशिक रोडचे व्यवस्थापक कित्येक वर्षांपूर्वीपासून आपले दर एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतात, आणि महिन्यातून एकदा हे टास्क दरांचा ग्लोबल पूर्ण पुसून त्या फाइलवरून नव्याने भरतं. फाइलमध्ये अर्थातच नाशिक रोडचे जुने क्रमांक. इतकी वर्षं ते आपल्या घरातला हंडा उपडा करून भरत होते, कुणाला त्रास नव्हता. रविवारी मी त्यांचा हंडा काढून आड दिला. त्यांनी आड उपसला.

व्यवस्थापकांची चूक काडीची नाही. मी कोडमध्ये किल शोधलं होतं. पण त्या रूटीनमध्ये ग्लोबलचं नाव तुकडे जोडून व्हेरिएबलमध्ये तयार होतं आणि @ लावून पुसलं जातं, शोधात ते नाव येतच नाही. आणि चाचणीच्या मशीनवर टास्क मॅनेजर मीच थांबवून ठेवला होता, रात्री मेल जाऊ नयेत म्हणून.

दुरुस्ती: ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारं काम) बाहेरच्या किलची जुनी किंमत जर्नलमध्ये नसते, त्यामुळे उलटं फिरवता आलं नाही. रविवारी रात्री घेतलेली सामाईकची प्रत होती, तीवरून दर परत आणले. सोमवारी दिवसा बदललेले दोन दर ताईंना तोंडपाठ होते. 9.05 ला काउंटर पूर्ववत. सतरा बिलांपैकी अकरा जणांना जास्त पैसे परत, सहा जणांकडून कमी पडलेले मागितले नाहीत. डॉक्टर काही बोलले नाहीत, ते जास्त बोचलं.

29 जानेवारी, बुधवार

चारही नेमस्पेसमधली सगळी टास्क एकेक उघडून वाचली. ‘दर भरणे’ बंद. आणखी दोन सापडली जी सामाईक गोष्टीत लिहितात, दोन्ही बंद. @ असलेली प्रत्येक ओळ मुलीने छापून काढली आणि आम्ही पेन्सिल घेऊन बसलो.

शाखांच्या रोलचं सामाईकवरचं लिहिणं काढून घेतलं, आता फक्त वाचणं. दराची स्क्रीन मुख्य शाखेतूनच उघडेल. पण एवढ्याने परवाचा प्रकार थांबला नसता: ते टास्क ज्या यूजरखाली चालत होतं त्याला %ऑल (सगळे अधिकार) रोल होता, त्याला कुठलीच कडी लागत नाही. टास्कसाठी वेगळा, मर्यादित यूजर केला. हे शुक्रवारीच करायला हवं होतं, मुलीने विचारलं होतं तेव्हा. तिला तसं सांगितलं.

30 जानेवारी, गुरुवार

लिहिणं बंद केल्याचा फायदा लगेच दिसला. नाशिक रोडच्या काउंटरवर तपासणी निवडली की ‘प्रोटेक्ट’ (परवानगी नसल्याची) एरर. म्हणजे निवडताना कुणीतरी यादीत लिहितंय! खरंच, ‘ही तपासणी शेवटची कधी वापरली’ ही तारीख प्रत्येक निवडीला यादीच्याच ओळीत लिहिली जात होती. ती कुठल्याही रिपोर्टमध्ये वापरलेली नाही. शाखेतल्या वेगळ्या ग्लोबलमध्ये हलवली. चार काउंटर मिळून एकाच ओळीवर लॉकसाठी (एका वेळी एकानेच लिहावं म्हणूनची कडी) थांबले असते तेही टळलं, कारण लॉकही ग्लोबलच्या मॅपिंगमागे जातात. आधी चार वेगळे होते, आता एकच झाला असता.

2 फेब्रुवारी, रविवार

सिडको, पंचवटी. तोच प्रोग्रॅम. टास्क आधी वाचली. काही झालं नाही.

4 फेब्रुवारी, मंगळवार

अंबडला दुसरं मशीन आहे, मिररचं, म्हणजे मुख्य बंद पडलं तर चालवायची जुळी प्रत. सामाईक डेटाबेस मिररमध्ये घातला होता, डेटा तिकडे पोचतोय. आज सहज त्यावरचे नेमस्पेस पाहिले तर मॅपिंग एकही नाही. मिरर डेटा नेतो, मॅपिंग नेत नाही, ती दोन्ही मशीनवर आपणच करायची. मुख्य मशीन बंद पडून अंबडवर गेलो असतो तर चारही शाखा आपापल्या जुन्या यादीवर आणि बिलांत मात्र नवे क्रमांक. प्रोग्रॅम तिथेही चालवला. भिंतीवरच्या कागदाखाली दुसरा कागद.

10 फेब्रुवारी, सोमवार

शाखांच्या फाइलमधल्या, आता न दिसणाऱ्या जुन्या प्रती मार्चअखेरपर्यंत ठेवायच्या. जागा फार खात नाहीत, पण पुढे कुणी मॅपिंग काढलं तर त्या अचानक खऱ्या वाटू लागतील, म्हणून पुसण्याची तारीख कॅलेंडरवर घातली.

नाशिक रोडच्या व्यवस्थापकांची टेक्स्ट फाइल त्यांनी स्वतःच मला पाठवली, ‘आता लागणार नाही ना?’ म्हणून. त्यात एका तपासणीचा दर मुख्य शाखेपेक्षा बरोबर निघाला. मुख्य शाखेत शून्य जास्त होतं.

दुपारी डॉक्टरांनी थायरॉईड प्रोफाइलचा दर बदलला. एकदाच, एकाच स्क्रीनवर. ताईंनी तरीही नाशिक रोड, सिडको, पंचवटी अशा क्रमाने तीन फोन करून विचारलं, ‘दिसतोय का?’